सकाळचं दमणं

गेल्या वर्षी माझ्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला. आणला मीच, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. बाहेरच्या टेबलावर प्रियंका बसते. पेशंट आला की त्याचं नाव, वय, मोबाईल नंबर ती टाइप करते, आणि मग 'तक्रार' असं लिहिलेल्या रकान्यात एक यादी उघडते. त्या यादीत ताप आहे, खोकला आहे, जुलाब आहेत आणि 'थकवा' आहे. निम्मे पेशंट थकव्यात जातात. प्रियंकाची यात काही चूक नाही. पोरगी चांगली हुशार आहे. पेशंटच म्हणतो, "थकवा येतो मॅडम," आणि ती थकव्यावर टिचकी मारते. आत माझ्या पडद्यावर तो शब्द उमटतो आणि दर वेळी मला सुमनमावशी आठवतात. मावशी असत्या तर त्यांनी प्रियंकाला खुर्चीतून उठवलं असतं आणि वर विचारलं असतं, "थकवा म्हंजे काय गं? कुठला थकवा? कधीचा? विचारलं का तू त्याला?"

पंचवटीत, दिंडोरीच्या रस्त्याला मी दवाखाना थाटला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि डोक्यावर केस होते. मावशी झाडलोट करायला म्हणून आल्या. म्हसरूळच्या पुढे त्यांचं थोडंसं रान होतं. झेंडू, शेवंती, बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. नवरा लवकर गेला होता, मुलगा संतोष तेव्हा शाळेत होता. उजाडायच्या आत फुलं तोडायची, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात यायचं, आठपर्यंत विकायची आणि नऊच्या ठोक्याला माझ्या दवाखान्याचं शटर वर करायचं. बुटक्या, काळ्यासावळ्या, भरभर चालणाऱ्या. मनगटात नवऱ्याचं घड्याळ असायचं. ते त्यांना इतकं सैल होतं की हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. एकदा मी म्हणालो, "पट्टा लहान करून आणू का?" तर म्हणाल्या, "राहू द्या. त्यांचं मनगटच जाड होतं."

मी त्यांना बसलेलं फार क्वचित पाहिलं. चहासुद्धा उभ्या उभ्या, बशीत ओतून, दाराच्या चौकटीला टेकून. मी सुरुवातीला खुर्ची पुढे करायचो. "बसा की मावशी, दमला असाल."

"दमलं म्हणायला आधी बसावं लागतं डाक्टर," त्या म्हणायच्या, "बसले की मग कळंल दमले म्हणून. कशाला उगाच कळवून घ्यायचं?"

मी हसायचो. आता हसू येत नाही.

आमचं पहिलं भांडण मावशींच्या चिठ्ठ्यांवरून झालं. नंबर लावायला मी एक मुलगा ठेवला होता, तो न सांगता पळून गेला. मावशींनी त्याचं काम कुणी न सांगता उचललं. पत्र्याचे बिल्ले वाटायचे, ओळ मोडणाऱ्याला दटावायचं आणि पेशंटला काय होतंय ते विचारून एका चिठ्ठीवर लिहून आत पाठवायचं. शाळा चौथीपर्यंत झालेली. अक्षर मोठं, टपोरं, बोलतील तसं लिहिलेलं. पहिल्या आठवड्यात माझ्या हातात चिठ्ठी आली: "गळाठा. जेवल्यावर." दुसरी: "अंग मोडून. काल धुणं लय." तिसरी: "काय नाय. बायकोनी धाडला."

मी चिडलो. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला डॉक्टर लवकर चिडतो. मावशींना आत बोलावून सांगितलं, "मावशी, एवढं सगळं लिहू नका. नुसतं 'थकवा' लिहा, पुढचं मी बघतो."

"तुम्ही काय बघता ते मला माहिती हाय," त्या म्हणाल्या. "थकवा म्हटलं की लाल बाटली. गळाठा आला त्याला लाल बाटली, अंग मोडून आलं त्याला लाल बाटली, पोटऱ्या भरून आल्या त्याला पण तीच. मग डाक्टरची काय गरज? मीच देते ना बाटली, कपाट मलाच उघडता येतं."

लाल बाटली म्हणजे टॉनिक. एका कंपनीचा माणूस दर महिन्याला खोकाभर ठेवून जायचा आणि मी ती सढळ हाताने वाटायचो. मावशींचं बोलणं मला झोंबलं, कारण ते खरं होतं. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही आणि चिठ्ठ्या लिहिणं काही थांबवलं नाही.

मग दिंडोरीकडची एक बाई आली. नवरा घेऊन आला होता. द्राक्षबागेत दोघंही छाटणीला, फवारणीला जायचे. नवरा बाहेर बाकावरच सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत होता. "आळशी झाली हो. लय झोपती. पहिलं असं नव्हतं." बाई खाली मान घालून बसलेली. मावशी तिच्याजवळ गेल्या आणि एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न मी नंतर शेकडो वेळा ऐकला.

"सकाळचं दमणं का संध्याकाळचं?"

बाई म्हणाली, "उठल्या उठल्याच. रात्री झोपते तेवढीच दमून उठते."

चिठ्ठी आत आली: "आळशी नाय. सकाळचं."

मला अर्थ कळेना. मी दारातून डोकावून खूण केली, तशा मावशी आल्या. म्हणाल्या, "दिवसभर राबून संध्याकाळी दमली ती कामाची दमली. भाकरी खाऊन झोपली की सकाळी हाय तशी. तिला बाटली पण नको अन् तुम्ही पण नको. पण रातभर झोपून सकाळी दमलेली उठती, ते दमणं कामाचं नाय. ते तुमचं."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पाच होतं. ती बाई छाटणीचं काम कशी करत होती हेच मला कळेना. नवऱ्याला मी आत घेऊन जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून मी चिठ्ठ्या वाचायला लागलो. वाचून झाली की टेबलावरच्या कागद खोचायच्या तारेत खोचायची, अशी पद्धत पडली. वर्षावर्षाच्या चिठ्ठ्यांचे असे गठ्ठे जमत. जुने झाले की मावशी ते घेऊन जायच्या आणि घरी चूल पेटवायच्या.

या सगळ्यावरून मावशी फार गंभीर होत्या असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. बाकावरच्या पेशंटला त्या रिकामं बसू द्यायच्या नाहीत. न विकलेली फुलं टोपलीत उरलेली असायची. ती बाकावर ओतायच्या आणि सुई-दोरा हातात द्यायच्या. "नंबर यायला वेळ हाय, तोवर माळ करा." तापाने फणफणलेला माणूस सोडून सगळे माळा करायचे. माझ्या भिंतीवरच्या गणपतीला त्या काळात जेवढे हार मिळाले तेवढे काळ्या रामालासुद्धा मिळत नसतील, असं मी त्यांना चिडवायचो.

त्यातच एक निवृत्त मास्तर होते. दर दोन दिवसांनी यायचे आणि म्हणायचे, "डॉक्टर, फार थकवा आहे, एक सलाईन लावा." सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं ठणठणीत. सलाईनचा हट्ट मात्र सुटेना. एकदा त्यांच्या नावाची चिठ्ठी आली: "बोलायला माणूस नाय." मी कपाळाला हात लावला. याला काय औषध देणार? मावशींनी त्यांना बिल्लाच दिला नव्हता. बाहेर पाहिलं तर मास्तर बाकाच्या टोकाला बसून शेवंतीची माळ करत होते आणि शेजारच्या पोराला पाढे विचारत होते. त्यानंतर ते रोज अकराला यायचे आणि साडेबाराला घरी जायचे. सलाईनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पण एका शब्दाला मावशी घाबरायच्या. तो शब्द म्हणजे कंटाळा. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, भाजी निवडायचा कंटाळा आला, त्याच त्याच मालिकेचा कंटाळा आला. कुणी तो शब्द उच्चारला की मावशी हातातलं काम ठेवायच्या आणि विचारायच्या, "कशाचा?"

एक नवी सून आली होती. सासू बरोबर होती. बऱ्या घरातली, हातभर हिरवा चुडा, चेहऱ्यावर हसू. सासूच म्हणाली, "हिला सारखा कंटाळा येतो म्हणती. नवीन नवीन हाय, करमत नसंल." मी आतून सगळं ऐकत होतो, कारण दार उघडं होतं.

"कशाचा गं कंटाळा?" मावशी.

"सगळ्याचाच," मुलगी हसत म्हणाली.

"जेवायचा?"

"हो."

"टीव्हीचा?"

"हो."

"माहेरी जायचा?"

मुलगी थांबली. हसू तसंच होतं. मग म्हणाली, "हो. त्याचा पण."

मावशींनी चिठ्ठी लिहिलीच नाही. स्वतः आत आल्या, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "डाक्टर, हिला आज सासूबरोबर घरी धाडू नका. माहेरचा कंटाळा आलेली पोरगी मी पहिल्यांदा बघते. तिला जगायचा कंटाळा आलाय."

सासूला रक्ताच्या रिपोर्टच्या निमित्ताने लॅबमध्ये पाठवलं. पाऊण तास मावशी मुलीसमोर उभ्या राहून एक एक झेंडू तिच्या ओंजळीत टाकत होत्या. मग एकदम ती फुलं मांडीवर सांडून रडायला लागली. सासरच्या बागेच्या शेडमध्ये फवारणीच्या विषाची बाटली तिने दोनदा हातात घेऊन परत ठेवली होती. त्या दिवशी तिसऱ्यांदा घेणार होती. तिच्या वडिलांना बोलावून घेतलं, मानसोपचार करणाऱ्या माझ्या मित्राकडे पाठवलं. बरं व्हायला वर्ष लागलं. पुढे ती मूल कडेवर घेऊन मावशींना दाखवायला आली, तेव्हा मावशींनी मुलाची अलाबला घेतली आणि तिला विचारलं, "आता कशाचा कंटाळा येतो?" ती म्हणाली, "याच्या रडण्याचा." मावशी म्हणाल्या, "हां. हा चांगला कंटाळा हाय."

इतकं सगळं मला शिकवणाऱ्या बाईशी मी जे केलं ते आता सांगायला हवं. बरेच दिवस टाळलं.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळ्यानंतरचा काळ होता. घराघरात ताप. दवाखान्यात बाक पुरेना, लोक पायरीवर बसलेले. मावशींचं वय साठीच्या पुढे गेलं होतं, संतोष रान बघत होता, पण फुलं तोडायला त्या अजूनही जायच्याच. त्या सकाळी मी एकामागून एक पेशंट बघत होतो. चिठ्ठी उचलायची, माणसाकडे बघायचं, छातीला नळी लावायची, लिहायचं. मान वर करायला फुरसत नाही. एक पेशंट गेला आणि पुढचा आत येईना. बघतो तर मावशीच दारात. खांद्याने चौकटीला टेकलेल्या.

"मावशी, पाठवा ना पुढचा."

त्या म्हणाल्या, "डाक्टर, जरा दमल्यावानी होतंय."

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "इथे कोण दमलेलं नाही मावशी? घ्या, कपाटातली लाल बाटली घ्या. कपाट तुम्हाला उघडता येतंच की."

त्याही हसल्या. माझं बोलणं त्यांचंच होतं, मी ते जपून ठेवून बरोबर वेळेवर परत केलं असं मला वाटलं. "पाठवते," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचं नाव घेऊन हाक मारली. दिवसभर उभ्या होत्या. संध्याकाळी शटर ओढताना त्यांनी मला शटरचं एक टोक धरायला लावलं. तेवढं मला आठवतं, कारण तसं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी संतोषचा फोन आला. आई सकाळी फुलं तोडता तोडता वाफ्यात खाली बसली आणि उठेना. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्ताचा कॅन्सर निघाला आणि तो बराच पुढे गेला होता. मी रिपोर्ट घेऊन ओळखीच्या तज्ज्ञाकडे गेलो. तो म्हणाला, "दोन महिने आधी कळलं असतं तरी या वयात फार फरक पडला नसता." असं आम्ही डॉक्टर एकमेकांना सांगतो. मी स्वतःही इतरांना सांगितलं आहे.

मावशी हॉस्पिटलात असताना दवाखान्यात त्यांच्या जागी प्रियंका आली. टेबल आवरताना तिने तारेतला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि विचारलं, "सर, हे टाकून देऊ?" मी म्हणालो, ठेव, मावशी नेतील. मग उगाचच तो गठ्ठा हातात घेऊन चाळत बसलो. ती टपोरी अक्षरं बघायची होती, दुसरं काही नाही. तापाच्या साथीतल्या चिठ्ठ्या आल्या. "ताप. तिसरा दिवस." "ताप. पोरगी पण." "ताप. घसा." आणि त्यांच्यामध्ये एक:

"सुमन. सकाळचं."

त्या चिठ्ठीला तारेचं भोक होतं. म्हणजे ती माझ्या टेबलावर आली होती. मावशींनी स्वतःला नंबर दिला होता, ओळीत आपली पाळी येईपर्यंत थांबल्या होत्या, पाळी आली तेव्हा दारात उभ्या राहिल्या होत्या. आणि मी ती चिठ्ठी न वाचता तारेत खोचली होती. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं ते त्या दोन शब्दांत होतं. फार मागितलं नव्हतं. विचारा, एवढंच म्हणणं होतं.

हॉस्पिटलाने घरी सोडलं तेव्हा मी म्हसरूळला गेलो. चिठ्ठी खिशात होती. काय बोलायचं ते स्कूटरवर जाताना दहा वेळा घोकलं होतं. रानाच्या कडेच्या शेडमध्ये, समोर झेंडूचे वाफे दिसतील अशी त्यांची खाट टाकली होती. दुपारचं ऊन होतं. संतोष बाजारातून यायचा होता, सून चहा टाकायला आत गेली. मावशी निम्म्या झाल्या होत्या. हात पांघरुणावर होता आणि घड्याळ पार दंडापाशी अडकलं होतं.

मी नुसती चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली. स्वतःचं अक्षर ओळखलं.

"त्या दिवशी लय गर्दी होती," त्या म्हणाल्या.

"मी वाचली नाही मावशी."

"माहिती हाय."

"तेव्हाच का नाही सांगितलं? ओरडायचं होतं माझ्यावर. पहिल्या आठवड्यात ओरडला होतात तसं."

"तेव्हा तुम्ही पोरगं होता," त्या म्हणाल्या. मग धाप जिरवून: "आणि वाटलं, मी लिहिलंय तर डाक्टर वाचतील. आज नाय तर उद्या."

मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, चार लोकांत डॉक्टरसाहेब म्हणवून घेणारा, झेंडूच्या रानात उभा राहून शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होतो. मावशींनी मला रडू दिलं. त्यांनी समजूत घातली नाही, "जाऊ द्या" म्हणाल्या नाहीत. त्या फक्त माझ्याकडे बघत राहिल्या, बाकावरच्या पेशंटकडे बघायच्या तशा, खालपासून वरपर्यंत.

"झोप लागती का?" त्यांनी विचारलं.

"नाही. चिठ्ठी सापडल्यापासून नाही."

"दमला?"

"हो मावशी."

"सकाळचं का संध्याकाळचं?"

मी म्हणालो, "सकाळचं."

त्यांनी मान हलवली. मग दोन्ही हातांनी खाट धरून, दम घेत घेत, आपले पाय जवळ ओढले. खाटेच्या पायथ्याशी एका माणसापुरती जागा झाली. त्या जागेवर त्यांनी हाताने दोनदा थोपटलं, घड्याळ सरकून मनगटावर आलं.

"बसा मग," मावशी म्हणाल्या.